मापाला दिलेला ब्लाउज

“ह्या शिवणी बघ गो द्रौपदी. दोनदा उसवल्यात. आता मला कोणी सांगायला हवंय? तिसरा महिना तरी असणार.”

घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजाआड, रत्नप्रभाबाई शेजारच्या द्रौपदीकाकींना हे सांगत होत्या. त्या शिवणी माझ्या. मी त्यांच्या मांडीवर उलटा पडलो होतो, आतली बाजू वर. कपड्याला याहून उघडं पाडता येत नाही. आणि जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती त्यांची सून इरावती, लग्नाला नऊ महिने झालेली. ती ऑफिसातून जरा लवकर आली होती आणि दाराशी चपलेचा पट्टा सोडवताना तशीच वाकून राहिली होती.

तिने ऐकावं म्हणून कोणी बोललं नव्हतं. मीही आपणहून तिथे गेलो नव्हतो. मला कपाटातून काढून आणलं होतं.

मी मोरपिशी रंगाचा ब्लाउज. पाठीला नाडी, नाडीला दोन लटकन, पण मिरवणं माझ्या वाट्याला फार आलं नाही. “मापाचा ब्लाउज आणलाय का ताई?” असं टेलर विचारतात ना, तो मी. नवं काही शिवायचं तर अंगावर टेप लावून घेण्यापेक्षा बायका नीट बसणारा एखादा जुना पिशवीत टाकून नेतात. इरावतीला टेप कधीच आवडली नाही. त्यामुळे माझे बरेच दिवस अनोळखी टेबलांवर, खडूच्या भुकटीत गेले. माझ्यावरून सात ब्लाउज शिवले. त्यातला एकही आज तिला होत नाही. ते कपाटात घड्या होऊन बसलेत आणि चूक माझीच असल्यासारखे माझ्याकडे बघतात.

माझा जन्म मुलुंडचा, एका जिन्याखालच्या दुकानातला. तिथले मास्टर इरावतीचे कपडे ती शाळेत असल्यापासून शिवायचे. साखरपुड्याच्या ब्लाउजसाठी ती आईबरोबर, म्हणजे जयंतीबाईंबरोबर, गेली तेव्हा त्यांनी जुनी वही उघडली, जुना आकडा पाहिला, टेप पुन्हा एकदा लावली आणि चष्मा कपाळावर नेला.

“ताई आजारी होती काय?”

“छे हो. डाएट केलं,” जयंतीबाई म्हणाल्या. “आणि योगा.”

मी तेव्हा नुसतं कापड होतो. अजून कात्रीही लागली नव्हती आणि पहिलं खोटं ऐकून झालं होतं.

खरं काय ते पुढे तिच्या अंगाला लागल्यावर कळलं. माझी खालची पट्टी संपते तिथून चार बोटं खाली तिच्या पोटावर पाच बारीक व्रण आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून तिचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढला आणि केळ्याएवढी नळी ठेवली. एकशे सोळा किलोंची इरावती दीड वर्षात एकाहत्तरवर आली. नातेवाइकांना सांगितलं, हर्निया होता. डॉक्टरांनी निघताना जे बजावलं ते मात्र जयंतीबाईंनी कोणाला सांगितलं नाही, बहुधा स्वतःलाही नाही. हे इथे संपत नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि लक्ष ठेवलं नाही तर वजन परत येतं.

तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात बारीक आठवड्यात मी शिवला गेलो आणि तेव्हापासून मलाच तिचं माप धरण्यात आलं. माझा दोष असलाच तर एवढाच.

मास्टरांनी माझ्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दोन-दोन बोटं जादा कापड ठेवलं. त्याला ते माया म्हणतात.

“एवढी कशाला? मी आता नाही वाढणार,” इरावती म्हणाली.

“असू दे ताई. आत असते. कोणाला दिसते?”

सुयोगला, तिच्या नवऱ्याला, तिने लग्नाआधीच सांगितलं होतं. दोघांची ऑफिसं अंधेरीला, जवळजवळ. टपरीवर चहा पिताना तीन दिवस पाठ केलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं. तो म्हणाला, “एवढंच? मला वाटलं, दुसरा कोणी आहे.” मग जरा थांबून, “फक्त आईला नको सांगूस यार. संध्याकाळपर्यंत गावाला फोन जाईल.” त्याच्यासाठी विषय तिथे संपला. तो वाईट नाही. त्याला ऑपरेशन म्हणजे दात काढल्यासारखं वाटतं, एकदा काढला की काढला.

लग्न होऊन ती इथे आली. दोन खोल्या, एक कपाट, चार माणसं. त्यात पाच प्रकारच्या गोळ्यांचा डबा कुठे ठेवणार? आधी तो पर्समध्ये राहिला. मग ऑफिसच्या खणात. मग शनिवारी माहेरी गेलं की घ्यायच्या असं ठरलं. मग तेही राहिलं.

रत्नप्रभाबाई प्रेमाने वाढतात, आणि त्यांचं प्रेम तांदळाच्या भाकरीच्या आकाराचं असतं. ती भाकरी त्या केळ्याएवढ्या नळीत अडकते. घाईने गिळली तर परत येते. मग मोरीतला नळ मोठा सोडून, तोंडावर पदर धरून जे काही चालायचं ते मी फार जवळून पाहिलंय.

“दोन घासांत पुरे? माझं कालवण आवडत नाही वाटतं,” सासूबाई म्हणायच्या. इरावती हसायची. पण भूक काही हसून जात नाही. चार वाजता ऑफिसात वेफर्सचं पाकीट, घरी येताना आइस्क्रीमचा कप. भाकरी अडकते, वेफर विरघळतो, आइस्क्रीम तर वाटेत कुठे थांबतच नाही. पोटाला हवं ते जात नव्हतं आणि नको ते सुखरूप पोचत होतं.

“खाते चिमणीएवढं. मग हे येतं कुठून?” द्रौपदीकाकींनी गणपतीत सगळ्यांदेखत विचारलं. सगळे हसले. इरावतीही हसली, आणि मी तिच्या काखेत ओला झालो.

विसर्जनाला सगळे गेले तेव्हा डोकं दुखतंय सांगून ती मागे राहिली. आतून कडी लावली, मला उलटा केला आणि ब्लेडने माझी शिवण उसवली. एक बोट कापड सोडलं. मोरपिशी दोरा घरात नव्हता, म्हणून काळ्याने टाके घातले. दिवाळीनंतर दुसरं बोट सोडलं. मला त्यात दुखण्यासारखं काही नाही. पण टाके घालण्यापुरतं जेवढं बघावं लागतं तेवढंच ती माझ्याकडे बघत होती. ते मला लागलं.

असा दोनदा उसवलेला मी माघातल्या त्या संध्याकाळी रत्नप्रभाबाईंच्या हाती पडलो.

त्यांना माझी गरज का पडली ते सांगायला हवं. त्यांच्याकडे तिसऱ्या महिन्यात सुनेची चोरचोळी करतात. हिरवी चोळी, ओटी, दोन-चार बायका, दार लावून. गाजावाजा नाही. तीन महिने भरेपर्यंत त्या गोष्टीचं नाव तोंडाने काढायचं नाही. सुनेने सांगायचं नाही, सासूने ओळखायचं. रत्नप्रभाबाईंनी ओळखलं होतं. नळाच्या आवाजाआडच्या ओकाऱ्या त्यांनी ऐकल्या होत्या, सुनेचं भरलेलं अंग त्यांना दिसत होतं. चोळीच्या मापाला म्हणून त्यांनी मला काढला आणि माझे काळे टाके पाहून उरलीसुरली शंका फिटली. मी साक्षीदार झालो. जे सांगितलं ते खरंच होतं, पण त्यातून भलतंच सिद्ध झालं.

“एकदा विचार तर तिला,” द्रौपदीकाकी म्हणाल्या.

“विचारायचं नसतं गो. तुका काय म्हायत नाय?”

दाराशी इरावती सरळ उभी राहिली. आत येऊन एक वाक्य बोलली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने चपला पुन्हा घातल्या, आवाज न करता खाली गेली, दहा मिनिटांनी वर आली आणि बेल वाजवली.

ती का गप्प बसली ते मला कळतं, म्हणून तिच्यावर फार रागावताही येत नाही. वाढलेल्या अंगाला दोन कारणं होती आणि तिला त्यातलं एक उचलायचं होतं. एक कारण, पोटात मूल आहे. दुसरं कारण, ऑपरेशन करूनही हिला जमलं नाही. पहिलं ऐकून बायका आवाज खाली आणतात आणि बसायला खुर्ची देतात. दुसरं ऐकून काय करतात ते तिला बारा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पायांना मुंग्या येतात काय गो इरा?”

येत होत्या. महिनाभर, दोन्ही तळव्यांना.

“येतात.”

“येतातच,” त्या समाधानाने म्हणाल्या. इरावतीने मान खाली घातली. सून लाजली असं त्यांना वाटलं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी पुन्हा टेलरच्या टेबलावर काढले असते तर बरं झालं असतं. पण त्याने दोन दिवसांत माप उतरवून मला परत पाठवलं, आणि पुढचं सगळं मी दाराच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून ऐकलं.

सकाळी एक आणि संध्याकाळी एक डिंकाचा लाडू सुरू झाला. एवढं गोड एकदम त्या नळीला झेपत नाही; लाडू पोटात गेला की दहा मिनिटांत तिची छाती धडधडायची, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. “पडून राहा. असंच असतं,” म्हणून रत्नप्रभाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. भांडी घासायला मनाई झाली. सासरे, गुणाजी, कोणी न सांगता टीव्हीचा आवाज कमी करू लागले. सुयोगला कशाचाच पत्ता नव्हता. “आई जाम खूश आहे तुझ्यावर. काय केलंस काय?” असं तो एकदा म्हणाला. ती म्हणाली, “काही नाही.” मधल्या दिवसांत तिची पाळी आली आणि गेली. परीक्षेत कॉपी लपवावी तशी तिने ती लपवली.

तो प्रेमाचा हात तिला हवा होता. त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज होती.

बुधवारी जिना उतरताना तिचा पाय पायरीवर आहे की नाही हे तिला कळलंच नाही. कठडा हाताशी होता म्हणून वाचली. डॉक्टरांनी दिलेल्या कागदाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, उलट्या थांबत नसतील किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर वाट बघू नका. तिने तो तिथेच पायरीवर बसून तीनदा वाचला. पण तिकडे गेलं की आधी वजनाच्या काट्यावर उभं करतात. तपासणीच्या दोन तारखा तिने त्या काट्यापायीच बुडवल्या होत्या.

आणि आज शुक्रवार. सासूबाईंच्या सांगण्यावरून तिने हाफ डे टाकलाय. दार लावलंय. पाट मांडलाय, भोवती चार रेघांची रांगोळी. हिरवी चोळी तिच्या अंगात आहे, माझ्याच मापाची.

“काय बसलीय बघ. जशी अंगावरच शिवली,” द्रौपदीकाकी म्हणाल्या.

रत्नप्रभाबाईंनी तिच्या पदरात तांदूळ घातले, मग नारळ उचलला आणि तो हातातच धरून बोलत राहिल्या.

“माझी नाय कोणी केली. सासू गावाला. ह्यांची मिलची ड्यूटी. सुयोगच्या वेळी खोलीत मी एकटी. आरशात बघून माझं कुंकू मीच लावलं आणि माझी ओटी मीच भरली. तेव्हाच ठरवलं होतं, सून येईल तिला असं एकटं…” त्यांनी पदराने नाक पुसलं.

मी इथे, उघड्या पिशवीत. माझ्यात आता सोडायला कापड उरलेलं नाही. मी मोठा होऊ शकत नाही आणि पुन्हा लहान तर मुळीच नाही. तेव्हा माप म्हणून माझी नोकरी संपली असं समजा. तुमच्याही कपाटात माझ्यासारखा एखादा असेल, कधी काळी नीट बसलेला. त्याला ठेवायचं तर ठेवा, नाहीतर कोणाला देऊन टाका. पण त्याला पुढे धरून स्वतःला कमी-जास्त ठरवू नका, एवढंच मागतो. आम्हाला एक दिवस माहीत असतो. माणसाला बाकीचेही दिवस काढायचे असतात.

पदरातले तांदूळ सावरून इरावती पाटावरून उठली.

“आई, नारळ नका घालू. काकी, तुम्हीही ऐका. मला दिवस गेलेले नाहीत. त्या दिवशी मी दारातून ऐकलं आणि गप्प बसले, ती लबाडी माझी. लग्नाआधी माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, वजन कमी करायचं. सुयोगला माहितेय. ते वजन परत आलंय. ओकाऱ्या त्या ऑपरेशनच्याच आहेत, गोळ्या मी तुमच्यापासून लपवायला म्हणून बंद केल्या, आणि आता पायाखालची जमीन मला नीट कळत नाही. चोळी मी काढून ठेवते. तुम्हाला राग आला तर बोला मला, मी ऐकेन. पण उद्या मला डॉक्टरकडे जावंच लागेल, आणि तिथल्या काट्यावर एकटीने चढायची मला फार लाज वाटते. आई, तुम्ही याल माझ्याबरोबर?”