दर महिन्याला मुरगळणारा पाय

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. अंगाने रबराची, रंगाने एकेकाळी लाल, आता विटकरी. डोकं मला जन्मापासूनच नाही, नुसती मान आणि बूच; तेव्हा माझा गोंधळ उडाला तर हसू नका.

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका छोट्या कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले आणि दहा वर्षांपूर्वी सुदामा नगरात, निवृत्त हेडमास्तर नानासाहेबांच्या घरी आले. माझी नेमणूक त्यांच्या गुडघ्यावर झाली. काय थाट होता माझा! पाहुणे आले तरी मी सोफ्यावर, नानांच्या शेजारी. "हिच्यामुळे चालतोय बघा," असं ते ज्याला त्याला सांगत.

वर्षभराने मला दुसरं काम लागलं. त्यांची नात शमिका तेव्हा तेरा वर्षांची होती. एके दिवशी तिच्या आईने, पद्मजाने, मला टॉवेलखाली झाकून आत नेलं आणि तिच्या पोटावर ठेवलं. पोर नुसती कळवळत होती.

"काय झालं गं तिला?" नानांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही नाना, खेळताना पाय मुरगळला," पद्मजा सासऱ्यांना म्हणाली.

मी चक्रावले. मी तर पोटावर होते!

नाना मायेचे. लगेच वाटीत लसणीचं तेल कोमट करून आले आणि नातीचा धडधाकट पाय चोळत बसले. पांघरुणात मी पोट शेकत होते, खाली नाना पाय चोळत होते. पुढच्या महिन्यात पाय पुन्हा मुरगळला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मित्रांनो, तुम्हीच सांगा, असा महिन्याच्या महिन्याला मुरगळणारा पाय कुणी पाहिला आहे का? गुडघ्याचं दुखणं दिवाणखान्यात मिरवतं आणि पोटाचं टॉवेलखाली का लपतं, हे कोडं मला काही सुटेना.

शमिका मोठी झाली, विजय नगरच्या एका ऑफिसात लागली. दुखणंही वाढत गेलं.

"मम्मी, बहुत दुखतंय. आज बसणं पण नाही होत."

"बेटा, सगळ्यांनाच होतं. शादीनंतर सेट होऊन जाईल सगळं," असं म्हणत पद्मजा तिच्या केसांतून हात फिरवायची आणि मला पुन्हा भरायची. आधी मी तासभर असे, मग दिवसभर. "ही आहे म्हणून निभतंय," असं माझं कौतुक चालायचं. तिकडे ऑफिसातून तंबी आली की अजून एक सुट्टी घेतली तर नोकरी जाईल. सुट्टीचं कारण म्हणून शमिकाही पायच लिहून देत होती.

मग एका लग्नासाठी साडी नेसवताना पद्मजाला लेकीच्या पोटावर तपकिरी डाग दिसले, जाळीसारखे. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. "अरे देवा! आता स्थळं यायची, अन् हे काय!" दुसऱ्याच दिवशी दारात रिक्षा आली. नऊ वर्षं दुखण्यासाठी कुणी दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं. डागासाठी मायलेकी एका दिवसात निघाल्या. ओढणीखाली मीही होते.

त्वचेच्या डॉक्टर वसुंधराबाईंनी आधी डाग पाहिला, मग मला पाहिलं.

"हा शेकाचा डाग आहे. किती घंटे ठेवता हिला?"

"दिवसभर," शमिका म्हणाली.

"कशासाठी?"

"ते... पाय..." पद्मजा चाचरली.

"पाळीत पोट दुखतं," शमिका एकदम म्हणाली. "नऊ सालांपासून. उलट्या होतात, चक्कर येते. शादीनंतर ठीक होतं का, मॅडम?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शादी काय औषध आहे? थोडंफार पुष्कळजणींना दुखतं. पण ज्याने शाळा बुडते, ऑफिस बुडतं, ते नॉर्मल नाही. डाग राहू द्या. आजच बायकांच्या डॉक्टरला दाखवा."

पद्मजाला रडू कोसळलं. "मला पण असंच व्हायचं. मला वाटलं, हेच असतं."

सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. औषधं सुरू झाली. "खूप आधी यायला हवं होतं," असं त्या दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या आणि मी खजील झाले. इतकी वर्षं मी दुखणं कमी करत होते की झाकत होते? मी डाग पाडला हा माझा गुन्हा, की त्याच डागाने तिला दवाखान्यात नेलं हे पुण्य? मला अजूनही कळलेलं नाही.

पुढच्या महिन्यात पोट दुखलं, पण कमी. मी नानांच्या गुडघ्यावर होते. शमिका आडवी झालेली पाहून ते मला बगलेत मारून, तेलाची वाटी घेऊन आले.

"दे पाय."

"नाना, पाय ठीक आहे. पाळीत पोट दुखतं माझं. पाय कधी मुरगळलाच नव्हता."

"कधीच नाही?"

"एकदा पण नाही."

पद्मजा दारात थिजली. आता हेडमास्तर रागावणार, असं मलाही वाटलं. नानांनी वाटी खाली ठेवली. मला टॉवेलात नीट गुंडाळलं आणि सगळ्यांदेखत नातीच्या हातात दिलं.

"आधी तू घे. माझा गुडघा थांबेल," ते म्हणाले. मग तेलकट हातांकडे बघत हळूच म्हणाले, "मग इतकी वर्षं मी काय चोळत होतो गं?"

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, माझ्या रबराला आता चिरा पडल्या आहेत, माझे फार दिवस उरले नाहीत. माझ्या बहिणींना सांभाळा. त्यांच्यात उकळतं पाणी ओतू नका, टॉवेलात गुंडाळून थोडाच वेळ ठेवा. आणि पोटावर ठेवाल तेव्हा पोटच म्हणा. पायाला तेल चोळून पोट बरं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.