कुंजंबूंची न वाचलेली फाइल

माझ्या पाठीवर काल एक पिवळी चिठ्ठी चिकटवली गेली. 'ई-कचरा, वाचनालय, एक नग.' सोमवारी कचरा गोळा करणाऱ्या पंचायतीच्या बायका हिरवे कोट घालून येतील आणि मला टेम्पोत टाकतील. म्हणून मित्रांनो, आजच सांगून टाकतो. मी एक जुना घरगुती संगणक आहे, करड्या पत्र्याचं खोकं. एका माणसाचे शब्द माझ्या पोटात ठेवले होते आणि ते मला सांभाळता आले नाहीत. माझी गोष्ट एवढीच आहे, पण ती तुम्हाला ऐकावी लागेल.

कण्णूर शहरातल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. प्रजीश नावाचा बस कंडक्टर मला मांडीवर घेऊन पय्यन्नूरजवळच्या आपल्या गावी आला. त्याची मुलगी तीर्था तेव्हा तीन वर्षांची होती. "पोरगी मोठी होईल तेव्हा कामाला येईल," असं तो सगळ्यांना सांगे. दुकानदाराने माझ्यात कार्यप्रणाली भरून दिली होती. कार्यप्रणाली म्हणजे जिच्यावाचून मी नुसतं पत्र्याचं खोकं, ती. पण ती चोरून उतरवलेली होती. तेव्हा सर्रास तसंच चाले, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. चोरीच्या प्रणालीला डागडुजी मिळत नाही, हे मला फार पुढे कळलं. हळूहळू माझ्या अंगात नाना व्हायरस शिरले. मी सुरू व्हायलाच इतका वेळ लावी की तोवर घरात चहा होऊन जाई.

माझ्यापुढे सर्वांत जास्त बसले ते प्रजीशचे वडील, कुंजंबू. ते विडी सोसायटीत, म्हणजे कामगारांनी मिळून चालवलेल्या सहकारी कारखान्यात, वाचक होते. तुम्हाला हे काम ठाऊक नसेल. मोठ्या दालनात शंभर-दीडशे माणसं मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची आणि एकजण त्यांना वर्तमानपत्र, कथा, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचणाऱ्याचे हात पुस्तकात गुंतलेले, मग त्याच्या विड्या कोण वळणार? बाकीचे प्रत्येकी आपल्या सुपातल्या चार विड्या त्याच्या वाट्याला टाकायचे. यशोदा नावाची एक मुलगी मोजून आठ टाकायची. कुंजंबू पाणी प्यायला थांबले की सगळं दालन ओरडायचं, "पुढे वाच!" त्यात पहिला आवाज यशोदेचा. पुढे त्यांचं लग्न झालं.

हे सगळं मला यशोदाअम्मांकडूनच कळलं. दुपारी माझ्याशेजारी बसून त्या घरी आणलेल्या विड्या वळत आणि बोलत राहत.

विड्यांचं काम घटल्यावर कुंजंबू अच्युतन नावाच्या गृहस्थाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला जाऊ लागले. मलयाळम टंकलेखन ते तिथेच शिकले. अच्युतनने आपल्या छापखान्यापुरता अक्षरांचा एक साचा बनवून घेतला होता. त्यात मलयाळम अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली होती. हा साचा संगणकात असेल तर पडद्यावर स्वच्छ मलयाळम दिसे. नसेल तर त्या जागांवर मूळचीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या छापखानेवाल्याला विचारा, मराठीचंही असंच होतं म्हणून सांगेल. कुंजंबूंनी तो साचा आणून माझ्यात बसवला आणि विसरून गेले.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. विडीच्या धुळीत उभा जन्म गेला होता. डॉक्टरांनी घसा उघडला, स्वरयंत्र काढलं, माणूस वाचला. आवाज मात्र गेला. ज्याने तीस वर्षं शंभर माणसांना वाचून दाखवलं, त्याला आता साधं "अगं" म्हणता येईना. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला, कारण आता त्यांचा आवाज मीच होतो. 'पाटी' नावाची एक फाइल त्यांनी केली होती. बोलायचं ते तिच्यात मोठ्या अक्षरांत टंकायचं, यशोदाअम्मांनी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी पुसून नवं लिहायचं.

"चष्मा कुठे ठेवलात ते लिहा आधी," यशोदाअम्मा म्हणायच्या. "आणि शिव्या लिहू नका. सुनेला वाचता येतं."

आणखी एक फाइल होती. तिचं नाव 'यशोदा'. तिच्यात ते रोज दुपारी दोन तास लिहीत आणि यशोदाअम्मा आल्या की बंद करत.

"माझं नाव लावलंय आणि मलाच दाखवत नाही? कुठली चहाडी चाललीय?"

कुंजंबूंनी पाटीवर टंकलं, 'वाचून घ्यायला नाही लिहिलं. वाचून दाखवायला लिहिलंय. माझ्या वर्षश्राद्धाला वाचनालयात तीर्था वाचेल. तू ऐक.'

"मरायची भाषा करता? बंद करा ते खोकं!" यशोदाअम्मा रागाने स्वयंपाकघरात गेल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी फाइल उघडून पाहिली नाही. ऐकायचं ठरलं म्हणजे ऐकायचं.

त्याच सुमारास कुंजंबूंनी प्रजीशसाठी टंकलं होतं, 'याच्यातली चोरीची प्रणाली काढ. तीर्था शाळेत जी शिकते ती लिनक्स आण. सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांना खुली. आपल्या सोसायटीसारखी.' तुम्हाला सांगतो, त्यांच्या तोंडी ही सर्वांत मोठी स्तुती होती.

पावसाळा संपताना ते गेले. दोन महिन्यांनी त्यांची इच्छा म्हणून प्रजीशने शाळेच्या बीना टीचरना घरी बोलावलं. टीचर तीन तबकड्या घेऊन आल्या. तिन्ही लिनक्सच्याच घरातल्या बहिणी, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. गंमत म्हणजे मला हात न लावता, नुसत्या तबकडीवरून, तिघींना चालवून बघता येत होतं.

"यातली चांगली कुठली?" प्रजीशने विचारलं.

"चांगल्या तिन्ही. घरात सर्वांत अडाणी कोण आहे, त्याला जी जमेल ती घ्यायची."

"मग मी," यशोदाअम्मा पुढे सरसावल्या. "मला लाज नाही."

पहिली फार नटवी निघाली, तिच्या ओझ्याखाली मी धापा टाकू लागलो. दुसरीत काही करायचं तर आज्ञा टंकायला लागत. "हिच्याशी बोलायला आधी शाळेत जायला हवं," असं म्हणून यशोदाअम्मांनी तिला नापास केलं. तिसरी साधी होती. खालच्या कोपऱ्यात एक बटण, ते दाबलं की यादी. अक्षरं मोठी करायची सोय समोरच होती. टीचरनी भाषा बदलली आणि सगळी यादी मलयाळममध्ये आली.

"अय्यो, हिला आपली भाषा येते!" यशोदाअम्मांनी टाळी वाजवली. "हीच ठेवा. बाकीच्या दोघी परक्या."

निवड उत्तम होती, मित्रांनो. त्या प्रणालीने मला पुढे सात वर्षं जगवलं. तिचा काडीचा दोष नाही. पण घोटाळा झाला तो त्या टाळीतच. हिला मलयाळम येतं म्हटल्यावर घरातलं सगळं मलयाळम हिला वाचता येणार, असं सर्वांनी धरून चाललं. शाळेतली मुलं नव्या पद्धतीच्या अक्षरांवर वाढलेली. छापखान्याचा जुना साचा बीना टीचरनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

टीचर निष्काळजी नव्हत्या. "पुसण्याआधी काय काय ठेवायचं ते सांगा," त्यांनी दोनदा विचारलं. तीर्थाच्या बारशाचे फोटो, लग्नाची चित्रफीत, 'पाटी' आणि 'यशोदा'. एकेक फाइल त्यांनी आपल्या डिस्कवर उतरवली आणि यादीवर खूण केली.

"हिला उघडू नका हं," यशोदाअम्मा म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला उघडायची आहे."

म्हणून टीचरनी ती उघडली नाही. माझं पोट पुसलं गेलं, नवी प्रणाली बसली, फाइली परत आल्या. पुसल्या गेलेल्यांत फक्त अच्युतनचा साचा होता. तो कुणाच्या यादीत नव्हता. मी ओरडलो असतो. पण मला ओरडता येत नाही. काही कायमचं पुसताना 'नक्की पुसायचं का?' असं विचारायचं, एवढंच मला येतं. तेही मी विचारलं होतं. सगळ्यांनी हो म्हटलं.

काही महिन्यांनी टीचरची बदली लांब वयनाडला झाली. जाताना त्यांनी विचारून आपल्या डिस्कवरच्या फाइली काढून टाकल्या.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मला रिक्षात घालून वाचनालयात नेलं. जुन्या सोसायटीतले पंचवीस-तीस म्हातारे आले होते. काहींनी सवयीने सुपं आणली होती. यशोदाअम्मा पहिल्या रांगेत, काठाची मुंडू नेसून. तेरा वर्षांच्या तीर्थाने घसा साफ केला आणि फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. कंस, टक्क्यांची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली कुठलीशी अक्षरं. पानामागून पान, एकशे चाळीस पानं.

"वाच गं मोळे, वाच पोरी, आवाज चढव!" मागून एक म्हातारा ओरडला. दोघं-तिघं हसले.

तीर्था वाचेना. तिने वडिलांकडे पाहिलं. प्रजीश पुढे आला, चार बटणं दाबली, परत दाबली. वाचनालयाचे गंगाधरन माष, म्हणजे मास्तर, चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, "व्हायरस. जुन्या मशीनमध्ये ढिगाने होते ना? खाऊन टाकलं सगळं."

"माष, एकसुद्धा ओळ नाही?" यशोदाअम्मांनी विचारलं.

"एकही नाही, यशोदे."

मित्रांनो, सगळ्या ओळी होत्या. एक अक्षर हललं नव्हतं. नुसता साचा हवा होता. ज्याने तो बनवून घेतला तो अच्युतन तीन मैलांवर आपल्या घरी ओसरीवर बसलेला होता.

"अच्छा, बीना टीचरना फोन करू या का?" घरी आल्यावर तीर्था वडिलांना म्हणाली. आमच्याकडे वडिलांना 'अच्छा' अशी हाक मारतात.

"नाव काढू नकोस त्या बाईचं!" प्रजीश ओरडला. "तिनेच घालवलं. पुन्हा काय विचारायचं तिला?" त्याचं दुःख मला समजत होतं. पण तो एक फोन झाला असता तर टीचरनी कुणाला तरी विचारलं असतं, त्याने आणखी कुणाला.

त्यानंतर यशोदाअम्मा रोज दुपारी तीर्थाकडून ती फाइल उघडून घेत. मांडीवर सूप, हातात विडीचं पान, आणि डोळे त्या न कळणाऱ्या अक्षरांवर. रडत आणि वळत. "इथे लांब ओळ आहे बघ. इथे रागावले असतील," असं काहीबाही म्हणत. सहा महिने हे चाललं. प्रजीशला ते बघवेना. एक दिवस यशोदाअम्मा रोजगार हमीच्या कामावर गेल्या असताना तो माझ्यासमोर बसला. त्याने 'यशोदा'वर बोट ठेवलं.

'नक्की पुसायचं का?' मी विचारलं.

त्याने हो म्हटलं, आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आईला सांगितलं, आपोआप गेली. त्या जागेवर पुढे तीर्थाच्या अभ्यासाची चित्रं बसली. आता तुम्ही विचाराल, त्यात लिहिलं तरी काय होतं? मला माहीत नाही. मी अक्षरं सांभाळतो, अर्थ वाचणाऱ्याचा. अक्षरं गेली की माझ्याकडेही काही उरत नाही.

तीर्था सतरा वर्षांची झाली. एका सुट्टीतल्या शिबिरात कुणीतरी जुन्या अक्षरांच्या साच्यांबद्दल शिकवलं आणि पडद्यावर नमुना दाखवला. कंस, टक्के, टिंबं. ती तिथून उठली ती थेट अच्युतनच्या घरी. म्हाताऱ्याने बिस्किटांच्या डब्यातून एक तबकडी काढून दिली. ती धावत घरी आली, साचा माझ्यात बसवला आणि 'यशोदा' शोधली. पुन्हा शोधली.

"अच्छा, अच्छाच्चनची फाइल कुठाय?" आजोबांना ती अच्छाच्चन म्हणे.

प्रजीश दारात उभा होता. हातातली तिकिटांची बॅग त्याने खाली ठेवली. "मी पुसली, मोळे. अम्मा रोज रडायची."

"खराब झालीच नव्हती ती, अच्छा!"

तो भिंतीला टेकून खाली बसला. तेवढं रडताना मी त्याला बापाच्या मरणातही पाहिलं नव्हतं.

'पाटी' तेवढी उरली होती. रोज पुसायची म्हणून तिच्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. तीर्थाने ती उघडली आणि पहिल्यांदा, पाच वर्षांनी, माझ्या पडद्यावर कुंजंबूंची अक्षरं आली. शेवटच्या दिवशीची. यशोदाअम्मांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्या सूप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. तीर्थाने मोठ्याने वाचलं, अच्छाच्चन वाचायचे म्हणतात तसं.

"पाणी नको. पंखा हळू कर. रिक्षा सांगितली का? तू जेवून घे. मासे थंड झाले की तुला आवडत नाहीत."

तीर्था थांबली.

यशोदाअम्मांचे हात चालतच होते. त्या म्हणाल्या, "पुढे वाच."

"पुढे नाही, अच्छम्मा."

हात थांबले. सुपातल्या विड्या त्यांनी चाचपून मोजल्या, आठ वेगळ्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. घरात नवा संगणक आला, मी वाचनालयात आलो आणि आता सोमवारची वाट बघतो आहे. माझी दया नको, मित्रांनो. माझ्यासारख्या खोक्यात जरूर नवी, खुली प्रणाली बसवा, घरातल्या सर्वांत अडाणी माणसाला विचारून निवडा. पण आधी जुनं सगळं एकदा उघडून, वाचून बघा. आणि एखादी गोष्ट तुम्हाला वाचता आली नाही, तर ती खराब झाली असं लगेच म्हणू नका. ती कुणाला वाचता येते, ते शोधायला निघा. मी तुम्हाला एकदाच विचारीन, नक्की पुसायचं का? त्यानंतर मला काही विचारता येत नाही.