विलंबाचे कारण

आमच्या कार्यालयाचं कर्मचारी वार्तापत्र दर महिन्याच्या एक तारखेला निघतं. एकच पान असतं. ते लिफ्टच्या दाराशेजारी आणि पिण्याच्या पाण्याजवळ चिकटवतात. लिहायचं काम माझ्याकडे आहे. एके काळी माझं अक्षर चांगलं होतं म्हणून ते मला दिलं. आता सगळं संगणकावर होतं, अक्षराचा संबंध उरला नाही, काम तेवढं राहिलं.

या वेळचा विषय वरून आला होता: फ्लूची पूर्वतयारी आणि कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य. मी लिहिलं की हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. दुसऱ्या मजल्यावर साबण नसतो, ते लिहिलं नाही. ताप असेल तर कामावर येऊ नये, असं लिहिलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "आणि मग डॉक्टरचा दाखला आणून द्यायला कोण येणार? तोच तापातला माणूस ना?" वाक्य वरून आलेलं होतं, म्हणून मी तसंच ठेवलं. शेवटी लसीकरण. सोमवार ते गुरुवार, दुसऱ्या मजल्यावर, सभेच्या खोलीत, कर्मचारी आणि त्याचा जोडीदार. "आपले नाव यादीत असल्याची खात्री करून घ्यावी," हेही मीच लिहिलं.

यादी लागली तेव्हा मी खात्री करून घेतली. एकेचाळिसावं नाव माझं होतं. बेचाळिसावं माझ्या बायकोचं.

ती सात महिन्यांपूर्वी गेली. फ्लूने नाही, हृदयाने. लोक विचारतात म्हणून सांगतो.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बावीस वर्षं बसतोय. स्वतःच्या माणसाची नोंद स्वतः करता येत नाही, म्हणून तिची नोंद शेजारच्या बाईंनी केली. प्रमाणपत्र मिळालं. मुलीने त्याच्या बारा झेरॉक्स काढल्या आणि पंधरा दिवसांत बँक, गॅस, विमा, मतदार यादी, सगळीकडून आईचं नाव कमी करून आणलं. मुलगी कामाची आहे, आईवर गेली आहे. एकच काम तिने माझ्यावर सोडलं. एक अर्ज भरून, बारावी झेरॉक्स जोडून, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर आस्थापना विभागात द्यायचा. ती झेरॉक्स माझ्या खणात होती. दर रविवारी मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, ऑफिसातलं झालं का?" मी म्हणायचो, "होतंय."

आस्थापनेच्या टेबलावर जो बसतो त्याला सगळे त्रुटी म्हणतात. प्रत्येक अर्जात तो एक तरी त्रुटी काढतो. तो स्मशानात आला होता, शेवटपर्यंत थांबला होता. तरी यादी करताना त्याने तिचं नाव ठेवलं. शेजारच्या बाईंनी त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत आहे हो. पण माहीत असणं वेगळं आणि आवक होणं वेगळं." त्याचं चूक नव्हतं. तळमजल्यावर ती मयत होती आणि पहिल्या मजल्यावर हयात.

मला ते तसंच राहायला हवं होतं. या एका यादीत ती अजून माझ्या खाली होती. वय बावन्न, नाते पत्नी. तेवढं नाव मला काढायचं नव्हतं.

सोमवारी मी लस घेतली. आरोग्य विभागाने पाठवलेली सिस्टर नवीन होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिच्याकडे एक शीतपेटी होती आणि तीत यादीत जितकी नावं तितक्याच सुया होत्या. मला टोचून झाल्यावर ती म्हणाली, "काकूंना उद्या आणा." मी मान हलवली. मंगळवारी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काकू?" मी परत मान हलवली.

बुधवारी अकराच्या सुमारास माझ्या खणातला फोन वाजला. तो बायकोचा फोन. मुलगी नंबर बंद करणार होती, मी म्हटलं राहू दे, कोणी फोन करेल. तोवर कोणी केला नव्हता.

"हॅलो, काकू का?"

"नाही. मी तिचा नवरा."

"काका, मी सिस्टर बोलतेय, वरच्या मजल्यावरून. अहो, एकसष्ट जण झाले. एकट्या काकू राहिल्यात. सुईला घाबरतात का?"

"घाबरते," मी म्हणालो. "रक्त द्यायचं असलं की माझा हात धरते. दोन दिवस दुखतो मग."

"त्यांचा?"

"माझा."

सिस्टर हसली. "बरं, न येणाऱ्यांचा एक फॉर्म भरावा लागतो मला. पटापट सांगा. आठवड्यात ताप आला होता?"

"नाही."

"सर्दी, खोकला?"

"नाही."

"अंड्याची ॲलर्जी?"

"छे. उकडलेलं आवडतं. पिवळं मला देते."

"बीपी?"

"आहे. गोळी विसरते. मी कपाखाली ठेवतो, मग घेते."

"झोप लागते नीट?"

"पडल्या पडल्या. मला म्हणते, तुम्ही बसा विचार करत, मी झोपते."

"बाकी काही त्रास? थकवा वगैरे?"

"तक्रार काही नाही," मी म्हणालो.

सात महिन्यांत तिच्याबद्दल इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. लोक माझ्याबद्दल विचारतात. जेवता का, झोपता का, मुलीकडे का जात नाही. मला वाटलं सिस्टरचा फॉर्म अजून एक पान लांब असता तर बरं झालं असतं.

"मग काकूंना उद्या घेऊनच या," सिस्टर म्हणाली. "चारपर्यंत एक सुई बाजूला ठेवते. चारनंतर भांडारात परत पाठवावी लागेल. फॉर्मवर मी 'येणार' असं लिहिलंय, मला खोटं पाडू नका."

मी फोन खणात ठेवला. खिडकीसमोर तीन माणसं उभी होती. शेजारच्या बाईंनी त्यांना "पाच मिनिटं" असं सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बोलल्या मात्र दुसरंच.

"मावशी रोज वर जाऊन विचारतायत. काही उरलं का म्हणून."

मावशी म्हणजे आमच्या इमारतीची सफाई करणाऱ्या बाई. त्या कंत्राटदाराच्या, म्हणून कर्मचारी नाहीत आणि यादीत नाहीत. त्यांची छाती जुनी भरलेली आहे, जिना पुसताना तिसऱ्या पायरीला श्वास वाजतो. मागच्या वर्षी फ्लूने अठरा दिवस घरी होत्या. परत आल्या तर त्यांच्या जागी दुसरी बाई पुसत होती. काम परत मिळवायला दोन महिने गेले. या वर्षी पडून चालणार नव्हतं. सिस्टरने त्यांना सांगितलं होतं की नावावरची सुई दुसऱ्याला देता येत नाही, माणूस आला नाही तर ती परत जाते, पण नाव कमी होऊन उरली तर इमारतीतल्या कोणालाही चालते. आणि उरत तर काहीच नव्हतं. एक होती, तीही माझ्या बायकोच्या नावावर.

"मी काय म्हणते," बाई म्हणाल्या, "मावशींना वहिनींच्या नावावर घेऊ दे ना. यादीत नावासमोर एक सही करायची. सिस्टरलाही आकडा पुरा करायचाय, ती कशाला बोलतेय."

मी विचार केला. मावशींना लस मिळेल, सिस्टरचे बासष्ट होतील आणि बेचाळिसावं नाव पुढच्या वर्षीही तिथेच राहील, उलट समोर सही असल्यामुळे पक्कं होईल. कोणाचंच नुकसान नव्हतं. असलं काही खिडकीवर आलं की मी कागद परत सरकवतो. पण मी गप्प बसलो, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

बाईंनी मावशींना हाक मारली. मावशी फरशी पुसत होत्या, तशाच आल्या. बाईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं.

"नको," मावशी म्हणाल्या.

"अहो, कोणी विचारणार नाही."

"न विचारू दे. मेलेल्या बाईच्या नावाची सुई मला नको."

"मावशी, जरा बेताने."

"बेताने काय त्यात? मेली ना ती? मी पण आले होते पोचवायला. लांब उभी होते, यांना दिसले नसेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला उरलेली चालते. उरलेल्याची मला लाज नाही. कोणाच्या नावाची मात्र नको. तुम्ही नाव काढा, मग मी घेते. नाही काढलंत तरी माझं काही म्हणणं नाही. मागच्या वर्षी पण जगले मी."

आणि ओल्या फडक्याचे थेंब गाळत परत गेल्या.

सात महिने माझ्यासमोर सगळे 'वहिनी गेल्या' म्हणत होते, किंवा नुसतं 'ते झालं' म्हणत होते. मेली असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला. बाळाचं नाव लावायचं होतं. लावून दिलं.

गुरुवारी मी दोन वाजता वर गेलो. त्रुटीने मला पाहिलं, हातातली झेरॉक्स पाहिली आणि म्हणाला, "बसा." तो कोणाला बस म्हणत नाही.

अर्ज मी घरूनच भरून आणला होता. त्याने पट्टी धरून एकेक ओळ वाचली. नाव, नाते, दिनांक, प्रमाणपत्राचा क्रमांक. शेवटी पट्टी थांबली.

"विलंबाचे कारण हा रकाना मोकळा आहे."

"माहीत आहे."

"सात महिने झालेत. मोकळा घेता नाही येणार."

"तेही माहीत आहे," मी म्हणालो. "काय लिहितात लोक?"

"तुम्हाला जास्त माहीत."

खरं होतं. खिडकीवर मी अशी कारणं हजारांनी वाचली आहेत. बाहेरगावी होतो. कागदपत्रे सापडत नव्हती. घरात आजारपण होते. एकावरही माझा कधी विश्वास बसला नव्हता, तरी मी ती घेत आलो, कारण रकाना भरलेला असायचा. त्यातलं एखादं मी लिहू शकलो असतो. त्रुटीने घेतलंही असतं. त्याचं पेन घेऊन मी लिहिलं, "जमले नाही."

त्याने ते वाचलं. परत वाचलं. मी त्रुटीची वाट पाहत बसलो. त्याने आवकचा शिक्का मारला, त्यावर क्रमांक घातला आणि पोच माझ्या हातात दिली.

"दुरुस्त यादी सोमवारी निघेल," तो म्हणाला.

"सिस्टर चारला जाते."

"यादी सोमवारीच निघते," असं म्हणून त्याने पट्टी आणि लाल पेन उचललं, खुर्चीवरून उठला आणि जिना चढायला लागला. मी मागून गेलो. त्याला असं कोणाच्या कामासाठी उठताना मी पाहिलेलं नाही.

सभेच्या खोलीत सिस्टर सामान आवरत होती. आम्हाला दोघांना पाहून तिने माझ्यामागे कोणी आहे का ते बघितलं. त्रुटीने तिच्याकडून यादी मागून घेतली, बेचाळिसाव्या नावावर पट्टी ठेवली आणि एक रेघ ओढली. बाजूला आवक क्रमांक लिहिला, खाली सही केली. खोडलेलं नाव वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. ते वाचता येत होतं.

"मयत," त्रुटीने सिस्टरला सांगितलं. "सात महिन्यांपूर्वी. एक शिल्लक दाखवा."

सिस्टरने यादी बघितली, मग मला बघितलं.

"काका, काल तुम्ही मला गोळी कपाखाली ठेवतो म्हणालात."

"ठेवायचो," मी म्हणालो.

तिने कालचा फॉर्म काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला होता. "याचं काय करायचं? फाडायचा?"

"फाडायचा नसतो," त्रुटी म्हणाला. "रद्द लिहून फाईलला लावायचा."

तिने रद्द लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते. तिने ते कोपराने पुसले, कारण हातात मोजे होते.

मावशींना बोलवायला मीच गेलो. त्या त्याच मजल्यावर होत्या. बादली घेऊनच आल्या, दाराजवळ ठेवली, बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाल्या, "उरलेलीच आहे ना? नक्की?"

"उरलेली आहे," सिस्टर म्हणाली आणि टोचलं. मावशींनी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

लस घेतल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसावं लागतं, चक्कर येते का ते बघायला. मावशी खुर्चीवर टेकायला तयार नव्हत्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा बसल्या. त्रुटी निघून गेला होता. सिस्टर शीतपेटी पुसत होती.

"कशाने झालं हो त्यांना?" मावशींनी विचारलं. "कोणी नीट सांगितलंच नाही."

"सकाळी चहा मागितला. मी टाकला. मी कधी टाकत नसे, म्हणून म्हणाली, साखर किती घालताय बघा. मी म्हटलं बघतो. घेऊन आलो तर बसल्या जागी मान टाकलेली."

"मग?"

"मग मी कप ठेवला आणि शेजारी बसलो. डॉक्टरला फोन नंतर केला. किती वेळाने केला ते मला सांगता येत नाही. मुलीला सांगितलं, लगेच केला."

मावशींनी बाही खाली केली. मग म्हणाल्या, "साखर किती घातली होती?"

"तीन चमचे."

"जास्त झाली."

"हो. नंतर मीच प्यायलो तो. फारच गोड होता."

सिस्टर म्हणाली की वेळ झाली, चक्कर नसेल तर जाऊ शकता. मावशी उठल्या, दंड चोळला आणि फडकं पिळलं. खोलीत चार दिवस माणसं येऊन गेली होती, फरशी काळी झाली होती. त्या दारापासून पुसत माझ्या खुर्चीपर्यंत आल्या.

"पाय वर घ्या, भाऊसाहेब."

मी घेतले.