येसूला खो

अंकिता येसूला खो देत नाही, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला.

मलकापूरच्या आमच्या मुलींच्या खो-खो संघाला मी अकरा वर्षं शिकवते. पोटापाण्यासाठी कराड आगारात कंडक्टर आहे. सकाळची पाळी केली की संध्याकाळ मोकळी मिळते, ती सगळी मैदानावर जाते. मैदान लालासाहेब आबांचं. आबा फौजेतून सुभेदार होऊन आले, उसातलं पंधरा गुंठे रान मोकळं करून पोरींना खेळायला दिलं आणि संघाचे अध्यक्ष झाले. माणूस दिलदार, पण उलटं बोललेलं खपत नाही.

अंकिता मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. अकरावीला इथं मावशीकडे, चंद्राबाईंकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात मैदानावर हजर झाली. तिला पळताना बघितलं आणि मी शिट्टी वाजवायची विसरले. पुढे पळणारी मुलगी कुठं वळणार, हे त्या मुलीच्या आधी हिला कळायचं. खांबावर सूर मारायची तो असा, की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. दोन वर्षांत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत तिचं नाव झालं. पेपरात फोटो आले. मग ती सरावाला उशिरा यायला लागली. मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या तर एक मारून बसायची. मी रागावले की हसायची. तिला माहीत होतं, तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

येसू तिच्या अगदी उलट. मुलगी शांत, अंगानं दणकट, उठायला थोडी जड. पण रोज सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर फक्कीच्या रेषा मारून ठेवणारी, आणि एकदा पळणारीच्या मागे लागली की दम न सोडणारी. मी तिला मधल्या जागेवर बसवायचे. पळणारी पलीकडं निसटली, की अंकितानं येसूच्या पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचं, आणि येसूनं उठून धरायचं. एवढा साधा खेळ. पण अंकिता तिच्या पाठीमागून तशीच पुढं निघून जायची आणि तीन जागा सोडून चौथ्या मुलीला खो द्यायची. पहिल्यांदा मला वाटलं, घाईत राहिलं. मग मी मोजायला लागले. तीन दिवसांत येसूला एकही खो मिळाला नव्हता.

विचारलं तर म्हणाली, "ताई, हिला खो द्यायचा म्हंजे घाटात एस्टी बंद पडल्यावानी हुतंय. आधी घरघर, मग धूर, मग सगळ्यांनी उतरून ढकला."

पोरी हसल्या. येसूपण हसली. ते तिचं हसणं मला घरी गेल्यावरही दिसत राहिलं.

विट्याच्या स्पर्धेत उपांत्य सामना सांगलीच्या संघाशी होता. शेवटची दोन मिनिटं. पळणारी नेमकी येसूच्या पुढ्यात आलेली, हात लांब केला तर सापडेल अशी. अंकिता येसूच्या मागे. मी बाहेरून ओरडले, "येसू! येसूला दे!" अंकितानं माझ्याकडं बघितलं. ऐकू आलं होतं तिला. ती पुढं धावत गेली, खांबाला वळसा घालून आली आणि लांब सूर मारून तीच पळणारी बाद केली. लोक उठून उभे राहिले. आम्ही जिंकलो. येसू अजून उकिडवीच बसलेली, हात जमिनीला टेकवून.

अंतिम सामन्याआधी मी अंकिताला बाजूला घेतलं.

"पहिल्या नऊजणींत तुझं नाव नाही."

तिला आधी खरं वाटलं नाही. मग म्हणाली, "माज्याबिगर फायनल काढताय व्हय? मग हरा."

आणि आम्ही हरलो, चार गुणांनी. सामनाभर ती बुटांच्या नाड्या सोडून, पाय पसरून शेंगा खात बसली होती. परत येताना गाडीत कर्णधार राजेश्वरी माझ्या शेजारी बसली होती. कराड जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "ताई, बरं केलंत. पण आबांना काय सांगणार?"

आबांना सांगायची वेळच आली नाही, त्यांचाच फोन आला. "नीलिमाबाई, हातातला कप घालवलात. येसूला न्हाई दिला खो, त्यात एवढं काय? गडी बाद झाला न्हवं?"

मी म्हटलं, "आबा, रविवारी मैदानावर या. तिथं बोलू."

रविवारी सगळ्या पोरी गोल करून बसल्या. आबा खुर्चीवर. मी अंकिताला म्हटलं, "येसूला खो का देत नाहीस ते तिच्यासमोर सांग. आणि इथून पुढं देणार की नाही, तेही सांग."

अंकिता उभी राहिली. "खो कुणाला द्यायचा ते पाठलाग करणारी ठरवती. नियमात तसंच हाय. पंचांनी मला एकदा तरी फाऊल दिला का?"

हे खरंच होतं. खेळाचा नियम मोडला नाही म्हणून तिला कुणी पकडू शकत नव्हतं. तेवढ्यात आबा बोलले. आजवर तिची बाजू घेणाऱ्या आबांना तिचा सूर खटकला होता.

"ए पोरी, बाईंशी नीट बोल. ह्या मैदानावर राहायचं तर सांगितलेलं ऐकायचं. कान धर आणि माफी माग."

"आबा," अंकिता म्हणाली, "मैदान तुमचं हाय. पाय माजं हायत."

अंकितानं पिशवी उचलली आणि उसाच्या बांधावरून चालत निघून गेली. आबांचे कान लाल झाले होते. येसूला खो न मिळाल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. "बघतोच," एवढंच म्हणाले.

पुढचे बारा दिवस ती आली नाही. मी तिच्या घरी गेले नाही. रोज वाटायचं, जावं. रोज मैदानावर येसूला बघून ठरवायचे, आज नको.

मग साताऱ्याला जिल्हा संघाची निवड चाचणी लागली. तिथून राज्य स्पर्धेला जायचं. अर्जावर संघाची सही आणि शिक्का लागतो. सही माझी, शिक्का आबांच्या कपाटात. आबांनी मला बोलावून बजावलं, "तिचा कागद आला तर सही करायची न्हाई. नाक घासत आली पायजे. एक वरीस घरी बसली की सरळ हुतीया."

खरं सांगते, ऐकून मला आधी बरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं.

दोन दिवसांनी मी कराड-कोयनानगर गाडीवर होते. गाडी सुटता सुटता अंकिता चढली. मागच्या सीटवर जाऊन बसली. मी तिकिटं फाडत मागं पोचले, तेव्हा तिनं आधी पैसे पुढं केले.

"कुठं?"

"कुटंबी. जिथवर तुमी बोलाल तिथवर."

मी तिला पाटणचं, बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट दिलं. मल्हारपेठ गेल्यावर गाडी जरा रिकामी झाली, तशी मी तिच्या शेजारी बसले. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. घडी उलगडायला तिला वेळ लागला.

"ताई, सही पायजे. तुमी न्हाई म्हणणार ते म्हाईत हाय. आबांनी सांगितलंय ते मावशीला कळलं. पण मी माफी मागणार न्हाई. मला खोटं बोलायला जमत न्हाई. येसूपाशी माजा खेळ अडतो, हे खरंच हाय."

बोलायचं सगळं पाठ करून आली होती. मी कागद बघितला. वडिलांचं नाव, जन्मतारीख, खाली माझी जागा रिकामी. मला एकदम जाणवलं, की हा कागद अडवला तर ती कदाचित माफी मागेल, आणि त्या माफीचा येसूला काडीचा उपयोग होणार नाही. ती कागदाची माफी असेल. आणि या पोरीचं एक वर्ष माझं कधीच नव्हतं, तर मी ते कापणार कसं?

खिशातला पेन काढून, गाडी खड्ड्यातून जाईपर्यंत थांबून, मी सही केली आणि शिक्क्यासाठी कागद माझ्याकडंच ठेवला.

ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजे जिल्ह्याला पाठवून मला आपल्या संघातनं काढलं?"

"नाही. जिल्ह्याकडून खेळायचं की नाही, हे तुझं तू आणि निवड समिती बघा. आपल्या संघात कोण बसणार, ते मात्र मी ठरवणार. येसूला खो देशील तेव्हा ये. माफीबिफी काही नको."

"आणि न्हाई दिला तर?"

"तर येऊ नकोस. आम्ही हरू, दुसरं काय."

पाटणला ती उतरली. खाली उभी राहून काहीतरी म्हणणार होती, पण मी दोरी ओढली होती.

शिक्क्यासाठी आबांकडं गेले तेव्हा ते ओट्यावर चहा पीत होते. कागदावरची सही बघून कप खाली ठेवला.

"बाई, अशानं शिस्त लागंल का? फौजेत हुकूम म्हंजे हुकूम."

"आबा, फौजेत जवान चुकला तर काय करायचे?"

"रजा कापायची. पाठीवर भरल्याला पिट्टू घालून पळवायचं. कोठडी."

"पेन्शन कापायचे का?"

"एवढ्यासाठी न्हाई. पेन्शन त्यानं कमावल्याली असती."

"तिनंही हे पळून कमावलंय. आपण तिला बसवलं, ती आपली शिक्षा झाली. त्याच्या पुढचं आपलं नाही."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग हसायला लागले. "पाय माजं हायत म्हणाली. माज्या तोंडावर. आमच्या पलटणीत असती तर एक तर कोर्ट मार्शल झालं असतं, न्हाईतर मेडल मिळालं असतं." आणि आत जाऊन शिक्का घेऊन आले.

त्या महिनाभरात आम्ही तिच्याशिवाय खेळलो. इस्लामपुरात पहिल्याच फेरीत हरलो, उंब्रजला एक सामना जिंकलो. जिंकल्यावर पोरींनी एवढा दंगा केला, की वाटावं राज्य स्पर्धाच मारली. येसू काही रातोरात वाऱ्यासारखी झाली नाही. पण आता तिला दर डावात पाच-सहा खो मिळायचे. उठण्याची सवय झाली. राजेश्वरी तिच्याबरोबर सरावानंतर अर्धा तास थांबून नुसतं उठण्याचं करून घ्यायची. मला हरायचं फारसं दुःख होत नव्हतं, याचं माझं मलाच नवल वाटायचं.

अंकिता जिल्हा संघात निवडली गेली, राज्य स्पर्धा खेळली, चांगली खेळली. पेपरात परत फोटो आला. मी तो कापून मैदानावरच्या शेडमध्ये चिकटवला. येसूनं निघालेला एक कोपरा दाबून बसवला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. बूट घालून आली होती. मी दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, तिनं दोन्ही मारल्या. मग मी तिला आक्रमणाला उभं केलं आणि येसूला तिच्या नेहमीच्या जागी बसवलं.

शिट्टी झाली. पळणारी येसूच्या पुढ्यातून निसटली आणि अंकिता सवयीनं येसूच्या मागून पुढं निघून गेली. चार पावलं गेली आणि थबकली. खो-खोत मागे फिरता येत नाही, फिरलं की फाऊल. ती तशीच खांबापर्यंत धावली, वळसा घेतला, दुसऱ्या बाजूनं पूर्ण लांबी पळाली, तिकडच्या खांबाला वळली आणि परत येसूच्या पाठीमागं आली. तोवर पळणारी केव्हाच लांब गेली होती. तरी तिनं थाप मारली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी.

"खो!"

येसू उठली, धावली आणि तिला कुणीच सापडलं नाही. अंकितानं खाली बसता बसता जिभेनं 'च्च' केलं. पण बसली.

त्या दिवशी तिनं येसूला चार वेळा खो दिला. माफी मागितली नाही. आजही त्या दोघी मैदानाबाहेर फारशा बोलत नाहीत. अंकिता डबा राजेश्वरीबरोबर खाते, येसू तिच्या मैत्रिणींबरोबर. अंकितानं येसूवर माया करावी, असं मला वाटतं. पण ते माझ्या शिट्टीनं होणारं काम नाही. उशिरा यायची खोडही पूर्ण गेलेली नाही. उशीर झाला की मी बाहेर बसवते, ती तोंड वाकडं करून बसते.

परवा तासगावला सामना होता. आबा खुर्ची घेऊन कडेला बसलेले. दुसऱ्या डावात अंकितानं येसूला खो दिला आणि पळणारी अगदी बोटभर अंतरानं निसटली.

अंकिता ओरडली, "लवकर उठ की गं!"

येसू धावता धावताच ओरडली, "तू लवकर दे की!"

मी तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला. अंकिता बसल्या जागी फसकन हसली. पंचांनी दोघींना ताकीद दिली. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, आता ही दुसरी पण उलटं बोलाय लागली बघा."

"हो आबा," मी म्हटलं, "बरं झालं."

सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला. परतीच्या गाडीत पोरींनी गाण्याच्या भेंड्या लावल्या. मला दुसऱ्या दिवशी पावणेसहाची पाळी होती, तरी मी डोळे मिटले नाहीत. पोरी काय गातायत ते ऐकत बसले.