नऊशे किलोचा लेथ

"ढकल," भिमाजी म्हणाले.

गौरवने नव्या लेथच्या टूलपोस्टला, हत्यार धरणाऱ्या ठोकळ्याला, अंगठा लावून दाबला. केसभर हालचालही दाखवणाऱ्या, बाजूला बसवलेल्या डायलची सुई टुणकन दहा घरं पुढे गेली.

"अंगठ्यानं हलतोय ह्यो! लोखंड कापाया लागल्यावर काय करंल? थयाथया नाचंल!"

"आबा, यावर डिजिटल आकडे दिसतात. आणि एकट्याने उचलता येतो."

"उचलता येतो म्हनूनच कामाचा न्हाई, गाढवा!"

कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर म्हणून घासल्यावर भिमाजींनी नवलाख उंबरे गावात घरामागे शेड बांधली होती. तिच्यात नऊशे किलोचा जुना बिडाचा लेथ होता. आजूबाजूच्या गावांतल्या पंपांचे शाफ्ट त्याच्यावरच व्हायचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते चार दिवस पुण्याला काय गेले, पोराने, गौरवने, मागे तो लेथ भंगारात घातला आणि हे खेळणं आणून ठेवलं. वर हार घालून! म्हाताऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणे. जुन्याला वजनावर भाव चांगला मिळाला, हेही त्याने कौतुकाने सांगितलं आणि भिमाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वजनामुळे तो लेथ केसभर हलत नव्हता, तेच वजन पोराने काट्यावर विकलं होतं. आयटीआयमध्ये हा काय नुसती हजेरी लावायला जात होता?

"कुटं दिलास?"

"इंदुरीला. पण आबा, डॉक्टरांनी धुळीत जायला..."

"गाडी काढ म्हंतो ना!"

दोघं इंदुरीला पोचले.

भंगाराच्या वखारीबाहेरच घणाचे आवाज ऐकू आले. आत दोन गडी घामाघूम होऊन लेथच्या बेडवर, त्याच्या बिडाच्या लांब धडावर, घण घालत होते. बेड अजून तुटला नव्हता, पण मधोमध चीर गेली होती. काळा चष्मा काढून भिमाजींनी तिच्यावरून बोट फिरवलं. सांधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"लय चिवट हाय, आबा," भंगारवाला म्हणाला. "सकाळधरनं कुटतोय."

गड्याने पुन्हा घण उचलला आणि भलतीकडेच हाणला. कडेचा टवका उडाला. भिमाजींच्या अंगाची लाही लाही झाली.

"आरं, जनावरागत काय कुटताय त्याला!" ते ओरडले. मग वाकून त्यांनी चिरेजवळची, दोन फासळ्यांमधली पातळ जागा तळहाताने पुसली. "हितं मार. एका घावात सुटंल."

"आबा, चला," म्हणत गौरवने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला आणि घाव पडेपर्यंत तिथेच उभे राहिले.