झेंडूचा दोरा

खंडेनवमीची पूजा अर्ध्यावरच राहिली. डिलाईल रोडच्या एका चाळीत कोणी कोयता उपसलाय, असा फोन आला. फौजदार दर्शनाने पिस्तुलाला गुंडाळलेली झेंडूची माळ ओरबाडून काढली, गोळी चढवली, सेफ्टी लावली आणि पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये खोचून जीप गाठली.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती.

“मॅडम, सेफ्टी आत्ताच काढून ठेवा,” हवालदार तुळशीदास म्हणाले. “इतके महिने हातात पाळण्याची दोरी. ऐन वेळी अंगठ्याला खटका सापडायचा नाही.”

“तुम्ही समोर बघा हो!”

म्हणाली खरी, पण सकाळी तान्ह्या आरोहीच्या झबल्याची गाठ सोडताना हाच अंगठा चाचपडला होता. तो हळूच खटक्यावर गेलाही. मग तिने हात मागे घेतला. नळी समोर रोखली आणि गोळी झाडायचं पक्कं झालं की मगच सेफ्टी; तोवर बोटसुद्धा चापाबाहेर. ट्रेनिंगमध्ये शामराव उस्तादांनी हे ओरडून ओरडून अंगात मुरवलं होतं.

चाळीच्या गॅलरीत खोली विकण्यावरून पेटलेला प्रितेश उभा होता. आई मंजुळाबाईला त्याने दाराशी दाबून धरलं होतं.

“पुढं आलीस तर हिला तोडीन!”

दर्शनाने होल्स्टरचा पट्टा सोडला आणि पिस्तूल सरळ वर उपसलं. अर्ध्यावर हिसका बसला. पिवळा दोरा! माळेचा तुटका तुकडा चापाभोवतीच्या कडीत गुंतला होता, त्याचं दुसरं टोक होल्स्टरमध्ये अडकलं होतं. ताणलेला दोरा चापाला मागे खेचत होता. नळीखाली तिचीच मांडी.

बार झाला नाही. सेफ्टी होती.

तिने जोर लावला. दोरा तुटला.

“काढा सेफ्टी, मॅडम!” तुळशीदास ओरडले.

पण समोर म्हातारीचं डोकं होतं. दर्शना नळी खाली धरूनच डावीकडे सरकली. आता म्हातारी बाजूला, प्रितेशच्या मागे नुसती भिंत. कोयता वर गेला. नळी त्याच्या छातीवर आली, अंगठा न चाचपडता खाली गेला. खट्. बोट चापावर टेकलं.

“टाक!”

प्रितेशने तिच्या डोळ्यांत पाहिलं. कोयता फरशीवर खणखणला. तुळशीदासांनी त्याला आडवा केला. दर्शनाचं बोट बाहेर आलं, सेफ्टी वर गेली.

“गो बाय,” मंजुळाबाईने तिचा हातच धरला, “खराच मारतलंस माझ्या झिलाक?”

“हो, आजी.”

म्हातारीने हात सोडला आणि पोराशेजारी फतकल मारून बसली.

दर्शनाने होल्स्टर उलटा करून झटकला. आत काही उरलं नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मगच पिस्तूल हळूच आत सरकवलं. तुळशीदासांनी खाली पडलेला दोरा उचलला. बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

“मॅडम, मी सांगितलं तशी सेफ्टी काढली असती तर...”

“तर आरोहीची आई आज लंगडत घरी गेली असती. गेली असती तर.”

तिने अंगठ्याने होल्स्टरचा पट्टा दाबून लावला. मग तुळशीदासांच्या बोटांतला दोरा घेऊन खिशात टाकला.