तिसऱ्या ओळीतला

रिमोटवरचं एकचं बटण. त्याच्यावरचा आकडा केव्हाच पुसून गेला होता, रबर झिजून बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता, आणि संयोगिता ओल्या फडक्यानं तो खळगा पुन्हा पुन्हा पुसत होती. आईच्या बोटांची हळद त्यात बसलेली, ती काही निघत नव्हती. बाकीची बटणं अजून कोरी होती. आईला त्यांच्याशी कर्तव्यच नव्हतं. एक दाबलं की सरकारी टीव्ही लागतो, तेवढं तिला पुरे होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई खिडकीशी खुर्चीत बसून होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करायचं नाही असं डॉक्टरांनीच ठरवलेलं.

"अंकी कवा येनार गं?"

"दहाची गाडी आहे म्हणाली."

अंकिता म्हणजे कडेगावच्या भावाची, नानासोची मुलगी. पुण्यात नोकरीला होती, सुट्टीला गावी आली होती. तिच्या ऑफिसच्या दिवाळी अंकात म्हणे 'सरकारी टीव्हीवरचे आजवरचे सर्वांत चांगले कार्यक्रम' असा लेख करायचा होता, त्यासाठी ती घराघरांतल्या माणसांना विचारत सुटली होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, आत्या, तुझे पाच सांग, आणि संयोगितानं शाळेत फळ्यावर लिहावं तसे भराभर सांगितले. रविवारी सकाळची पुराणातली मालिका, जिच्या वेळी बायका पडद्यापुढं उदबत्ती लावायच्या. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम, दादा, म्हणजे तिचे वडील, ज्याच्यासाठी उसाचं पाणी अर्धं सोडून यायचे. शनिवारचा सिनेमा. संध्याकाळच्या बातम्या. बातम्यांपेक्षा त्या देणाऱ्या बाईंच्या साडीवरच बायका दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बोलत. आणि पाचवी ती 'व्यत्यय' लिहिलेली पाटी — अंकिता खूप हसली होती, पण संयोगिता खरंच सांगत होती, त्या पाटीकडे सगळं गाव ज्या आशेनं टक लावून बसायचं तसं कुणी नंतर कशाकडेच बसलं नाही... पाच झाले होते. सहावा तिनं सांगितला नाही. पण तेवढ्यात आईनं तिच्या हातातून फोन घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "परेड. आमच्या जयराजची परेड. त्येच्यापरास चांगलं काय लागलंच न्हाई कवा."

झालं. कालच अंकितानं निरोप पाठवला होता — आत्या, सापडली! सत्याऐंशी सालची सगळी परेड नेटवर आहे! उद्या आजीला दाखवते.

तेव्हापासून संयोगिताचं कशात लक्ष नव्हतं. रात्री भाजीत मीठ पडलं नाही. सकाळी आईच्या गोळ्या देताना हात चुकला. बावन्न वर्षांची बाई मी, पस्तीस मुलांच्या वर्गात नजरेनं शांतता आणणारी, आणि एका जुन्या फितीला घाबरते आहे...

जयराज तिचा थोरला भाऊ. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. सत्याऐंशीच्या जानेवारीत त्याचं पत्र आलं: दिल्लीच्या परेडला आमची तुकडी आहे, टीव्हीवर बघा. टीव्ही गावात एकच होता, सोसायटीच्या ऑफिसात. त्या सकाळी सोसायटीचे सचिव नाथाजीअण्णा स्वतः कौलांवर चढून अँटेना फिरवत होते, खालून पोरं ओरडत होती, आलं, आलं, गेलं. आईनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. तिला सगळ्यांत पुढं बसवलं होतं, आणि तिच्या शेजारी चौदा वर्षांची संयोगिता. तुकड्यांमागून तुकड्या आल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या चालत होत्या. त्या मुंग्यांतून सारखे पाय, सारखे हात, सारख्या हनुवट्या. मग जयराजच्या पलटणीचं नाव घेतलं गेलं आणि अख्खं ऑफिस एकदम गप्प झालं. आणि त्या गप्पपणात आईनं तिचं मनगट धरलं, "कुठाय? संयू, कुठाय गं?" ते मनगट अजून दुखतं. तुकडी पुढं सरकत होती, दहा सेकंद असतील, पंधरा असतील, ती संपत आली होती, आणि संयोगितानं बोट पुढं केलं.

"त्यो बघ! तिसऱ्या ओळीत, हिकडनं दुसरा!"

तिला कुणीही दिसलं नव्हतं.

ऑफिसात एकच गलका उठला. कुणीतरी आईच्या तोंडात साखर घातली. आई रडत होती, हसत होती, म्हणत होती, कसा ताठ चालला हुता माझा लेक.

मे महिन्यात जयराज रजेवर आला. एका दुपारी उसाच्या पाटावर दोघं पाय सोडून बसली असताना त्यानं हळूच सांगितलं, "संयू, मी न्हवतो गं परेडला. आठ दिस आदी ताप भरला. दवाखान्यात हुतो. तितल्या टीव्हीवर मीच बगितली." तिला वाटलं, पाटातलं पाणी थांबलं. मग तो म्हणाला, "आईला काय सांगू नगंस. लय खूश हाय ती." आणि थोड्या वेळानं, पाण्यात खडा टाकत, "दाकवलास कुनाला पर? दिसायला बरा तरी हुता का?" दोघं इतकी हसली होती... त्या हसण्यानं सगळं हलकं झालं होतं. खोटं दोघांचं झालं होतं, अर्धं अर्धं.

दोन वर्षांनी सप्टेंबरात डोंगरातल्या रस्त्यावरून जयराजच्या तुकडीचा ट्रक दरीत गेला. पेटी घरी आली. सोबत आलेले सुभेदार दादांना बाजूला घेऊन म्हणाले, उघडू नका. दादांचा धीर होत नव्हता, भाऊबंद म्हणत होते, आईला एकदा तोंड दाखवा, आईचा हक्क आहे. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आणि आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी बगितलंय त्येला टीव्हीत. कसा ताठ चालला हुता. त्योच ऱ्हाऊ द्या."

पेटी उघडली नाही.

संयोगिता तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बोलायला हवं होतं. आत्ता, या क्षणी — आई, तो नव्हता, तो कुणीतरी दुसरा होता, तू तुझ्या लेकाचं तोंड बघून घे. सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. आणि पुढं छत्तीस वर्षं तो निघाला नाही. दर सव्वीस जानेवारीला आई अंघोळ करून टीव्हीपुढं बसे आणि संयोगिता स्वयंपाकघरात भांडी आपटत राही. आईचं शेवटचं बघणं माझ्या बोटानं खाल्लं. हे वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

सव्वादहाला अंकिता आली. पिशवीतून गूळ, शेंगा, तिच्या आईनं दिलेलं लोणचं काढलं, आणि चपला नीट काढायच्या आधीच टीव्हीला फोन जोडू लागली.

"आजीनं काल रात्री नीट झोप घेतली नाही," संयोगिता म्हणाली. "संध्याकाळी बघू या का?"

"अगं आत्या, एवढीशी तर आहे. मी नेमकी जागा शोधून ठेवलीय."

"मला कुटली झोप? लाव गं पोरी," आई म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेतला.

चित्र आलं, आणि संयोगिताला धक्का बसला तो रंगांचा. आकाश निळं होतं. टोप्यांवरच्या तुऱ्यांना रंग होता. अडतीस वर्षं तिच्या मनात ही सगळी माणसं राखाडी चालत होती. मुंग्या नव्हत्या, प्रत्येकाला नाक होतं, डोळे होते. पलटणीचं नाव आलं, आणि अंकितानं चित्र थांबवलं.

तिसरी ओळ. इकडून दुसरा.

सावळा, रुंद गालांचा, बारीक मिशीचा एक मुलगा. जयराजसारखं त्याच्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. कुणाचा तरी लेक. आता कुठल्या तरी गावात म्हातारा झाला असेल, नातवंडं असतील, की नसेल... तुझ्या नावानं माझी आई इतकी वर्षं देवापुढं दिवा लावते आहे रे, तुला ठाऊक तरी आहे का?

"आजी, सांग. ह्यातले काका कुठले?"

आई पडद्याकडे पाहत होती. संयोगिता आईकडे पाहत होती.

"पाय वर धरून किती येळ हुबं करतीस गं त्येन्ला?" आई म्हणाली. "जाऊ दे की फुडं."

अंकिता हसली, तिनं चित्र सोडलं. पाय खाली आले, तुकडी पुढं गेली, दुसरी आली.

"अगं पण काका दिसले का?"

"मला कुटलं दिसतंय? तवाबी दिसलं न्हवतं. निस्त्या मुंग्या." आईनं गुडघ्यावरची शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले. "मी आपली हिच्या तोंडाकडं बगत हुते."

"आत्याच्या?"

"व्हय. हिनं बोट केलं, मी हिचं तोंड बगितलं."

"मग?"

"मग काय. झाली की परेड." आईनं दाणे फुंकले आणि तोंडात टाकले.

अंकिता दुपारच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, आत्या, आजीचं ते 'हिच्या तोंडाकडं बगत हुते' मी लेखात घालते हं, किती गोड आहे. संयोगितानं मान हलवली. आई कलंडली होती, भिंतीकडे तोंड करून. संयोगिता तिच्या पायाशी बसली, आणि किती तरी वेळानं, गळ्यात जे छत्तीस वर्षं अडकलं होतं त्याऐवजी भलताच प्रश्न तिच्या तोंडून बाहेर आला.

"आई, त्या दिवशी माझ्या तोंडावर काय दिसलं तुला?"

आईनं पाय जवळ ओढले.

"कवाचं इचारतीस गं..." ती म्हणाली. "पांगरून घाल पायावर."

संयोगितानं पांघरूण घातलं. आईला दिसलं होतं का? दिसलं असेल, तर पेटीपाशी ती जे बोलली ते कुणासाठी बोलली — स्वतःसाठी, दादांसाठी, की चौकटीला धरून उभ्या असलेल्या माझ्यासाठी? आणि दिसलं नसेल, तर... आजवर ती सकाळ तिला आठवायची तेव्हा समोर पडदा असे, मुंग्या असत, पुढं सरकणारी तुकडी असे. आता पडदा नव्हता. आता ती आईच्या जागी बसली होती आणि समोर चौदा वर्षांची एक मुलगी होती, दोन वेण्या, मनगट कुणीतरी घट्ट धरलेलं, बोट पुढं केलेलं, तोंड अर्धवट उघडं. संयोगिता त्या तोंडाकडे बघत राहिली. मुलगी खरं सांगते आहे की खोटं, हे काही केल्या तिला कळेना.